शेवटचा आकडा काय सांगतो?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव नावाचे गाव आहे. तेथील एका वाचनालयात काम करणाऱ्या बाई माझ्या परिचयाच्या आहेत. दोन खोल्या, काही लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांचे लांब टेबल आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची जाडजूड दाखल नोंदवही, असा सगळा संसार. गेल्या उन्हाळ्यात बाईंनी मनावर घेतले की, सगळ्या पुस्तकांची यादी मोबाइलवर करायची. म्हणजे कोणते पुस्तक आहे, कोणते बाहेर गेले आहे, हे वाचकांना घरबसल्या कळेल आणि उन्हातून हेलपाटा पडणार नाही. त्यांनी एक साधन मोबाइलमध्ये उतरवून घेतले. पुस्तकाच्या मागील बाजूस छापलेल्या काळ्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरायच्या की क्रमांकाची नोंद आपोआप होते.

एका पुस्तकाच्या पट्ट्या फाटल्या होत्या. खालचे आकडे मात्र शाबूत होते. बाईंनी ते हाताने टाइप केले, तर मोबाइलने क्रमांक चुकीचा असल्याचे सांगून तो घ्यायचे साफ नाकारले. बाईंनी पुन्हा नीट पाहिले. खरोखरच दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती.

पुढच्या भेटीत त्यांनी मला विचारले, "सर, त्या वेळी नेट बंद होतं. पुस्तकही याने पाहिलेलं नाही. मग मी चुकले हे याला कसं कळलं?"

प्रश्न मोठा सुरेख आहे. तुम्ही उत्तराचा विचार करून मगच पुढे वाचा.

त्या १३ आकडी क्रमांकाला आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक म्हणतात. 'आयएसबीएन' या इंग्रजी आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. इंग्लंडमधील पुस्तकविक्रेत्यांना गोदामातील पुस्तकांचा हिशेब संगणकावर ठेवायचा होता, त्यासाठी गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने १९६०च्या दशकात ९ आकडी क्रमांकाची पद्धत आखली. १९७० मध्ये ती १० आकड्यांची होऊन आंतरराष्ट्रीय झाली आणि १ जानेवारी २००७ पासून १३ आकड्यांची झाली. सुरुवातीचे ९७८ म्हणजे 'ही वस्तू पुस्तक आहे'. त्यानंतर ८१ किंवा ९३ आले की पुस्तक भारतातील प्रकाशकाचे. पुढचे आकडे प्रकाशक आणि ग्रंथ सांगतात. शेवटचा, म्हणजे तेरावा आकडा मात्र पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. तो पहारेकरी आहे. त्याला आपण तपासणी अंक म्हणू.

हा पहारा कसा चालतो ते पाहण्यासाठी एक क्रमांक बनवून घेऊ. पहिले १२ आकडे असे धरा: ९, ७, ८, ८, १, ९, २, ७, ४, ३, ०, ६. आता पहिल्या आकड्याला १ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला १ ने, चौथ्याला ३ ने, याप्रमाणे शेवटपर्यंत जा आणि बेरीज करा:

९ + २१ + ८ + २४ + १ + २७ + २ + २१ + ४ + ९ + ० + १८ = १४४

१४४ च्या पुढची, १० ने भाग जाणारी संख्या १५०. तेथे पोहोचायला ६ कमी पडतात, म्हणून तेरावा आकडा ६. पुरा क्रमांक झाला ९७८८१९२७४३०६६. मोबाइल दुसरे काहीही करत नाही. हीच बेरीज करतो आणि एकम स्थानी शून्य आले की नाही एवढे पाहतो. त्याला ना इंटरनेट लागते, ना पुस्तक.

आता मुद्दाम चुका करू. पाचव्या जागेवरील १ चा ७ वाचला गेला, तर बेरीज १५० ऐवजी १५६ येईल. पकडले! चौथ्या जागेवरील ८ चा ३ झाला, तर २४ च्या जागी ९ येतील आणि बेरीज १३५ होईल. हेही पकडले. कोणताही एकच आकडा चुकला तर तो सुटत नाही, कारण ३ आणि १० यांना १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नाही. ३ ऐवजी ५ ने गुणायचे ठरवले असते तर काय झाले असते? २ च्या जागी ४ पडला तर १० चे २० झाले असते, शेवटचे शून्य तसेच राहिले असते आणि पहारेकरी ढाराढूर झोपलेला! गुणक ३ निवडण्यामागे असा विचार आहे.

बाईंची चूक वेगळ्या जातीची होती. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल ही टाइप करणाऱ्या माणसाची नेहमीची चूक. आपल्या क्रमांकातील ४३ चे ३४ करा. आधी ४ + ९ = १३ होते, आता ३ + १२ = १५ झाले. बेरीज १५२, क्रमांक नामंजूर. सगळ्यांना १ नेच गुणले असते तर अदलाबदलीने बेरीज बदललीच नसती. आलटून पालटून १ आणि ३ घेतले ते यासाठीच.

मी हे सांगत होतो तेव्हा बाई कागदावर आकडेमोड करत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, "सगळ्या अदलाबदली पकडतो का हा?"

नाही. आपल्याच क्रमांकात सातव्या-आठव्या जागी २७ आहेत. त्यांचे ७२ करा. आधी २ + २१ = २३, आता ७ + ६ = १३. फरक बरोबर १०! बेरीज १४० झाली, शेवटी शून्य तसेच, आणि चुकीचा क्रमांक सहीसलामत आत. याचे बीजगणित अगदी सोपे आहे. अ आणि ब यांची अदलाबदल झाली की बेरजेत दोघांतील फरकाच्या दुप्पट इतका बदल होतो. तो फरक ५ असला की बदल १० चा आणि पहारा निकामी.

मौज अशी की जुना १० आकडी क्रमांक या बाबतीत अधिक पक्का होता. त्यात आकड्यांना १०, ९, ८, ७ अशा उतरत्या संख्यांनी गुणत आणि बेरजेला ११ ने भाग जातो का ते पाहत. ११ ही मूळ संख्या असल्यामुळे कोणतीही अदलाबदल तिच्या हातून सुटत नसे. फक्त एक अडचण होती. तपासणी अंक कधी कधी १० यायचा आणि एका घरात १० कसा लिहिणार? म्हणून तेथे रोमन १०, म्हणजे इंग्रजी 'एक्स' अक्षर लिहीत. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर ते तुम्हाला आढळेल. पुढे पुस्तकांचा क्रमांक दुकानातील इतर मालाच्या बारकोडशी जुळवून घ्यायचा ठरला आणि त्या बारकोडात १० ने भागण्याचीच रीत होती. म्हणून कमजोर पहारा पत्करला. यंत्राने वाचताना आकड्यांची अदलाबदल सहसा होत नाही, म्हणून तो चालतो. पण नवे साधन प्रत्येक बाबतीत जुन्याहून सरस असते असे मानण्याचे कारण नाही, हे मात्र यातून दिसले.

आता त्या काळ्या पट्ट्यांकडे वळू. हा माझ्या विषयाचा भाग, तेव्हा थोडे रेंगाळायला हरकत नाही. काळा रंग प्रकाश शोषतो, पांढरा परतवतो, हे तुम्ही शिकला आहात. दुकानातील वाचकयंत्र पट्ट्यांवरून लाल प्रकाशाचा ठिपका फिरवते. परत आलेला प्रकाश एका प्रकाशसंवेदी घटकावर पडतो आणि तेथील विद्युत्प्रवाह पांढऱ्यावर वाढतो, काळ्यावर घटतो. मोबाइल तेच काम कॅमेऱ्याच्या चित्रावरून करतो. प्रत्येक आकड्यासाठी ७ सारख्या रुंदीची घरे असतात, आणि त्यांत २ काळ्या व २ पांढऱ्या पट्ट्या कमीजास्त जाडीने बसवलेल्या असतात. असे १२ आकडे, दोन टोकांना आणि मध्यभागी खुणेच्या बारीक जोडरेषा, मिळून एकूण ९५ घरे. प्रमाण आकारात एक घर ०.३३ मिलिमीटरचे असते.

हातातले पाठ्येतर पुस्तक उलटे करा आणि काळ्या पट्ट्या मोजा. १२ आकड्यांच्या २४ आणि खुणेच्या ६, अशा ३० भरायला हव्यात. पण आकडे तर १३ आहेत! मग एक कोठे लपला? सगळ्यात पहिला आकडा पट्ट्यांत काढलेलाच नसतो. डाव्या बाजूच्या ६ आकड्यांना प्रत्येकी दोन प्रकारची रूपे असतात. त्यांतील कोणते रूप कोठे वापरले आहे, त्या क्रमावरून तो पहिला आकडा ओळखायचा. उजव्या बाजूची रूपे आणखी निराळी असतात. त्यामुळे पुस्तक उलटे धरले तरी यंत्राला डावे-उजवे कळते.

वाचनालयात खरी पंचाईत झाली ती जुन्या पुस्तकांची. १९५०-६० च्या सुमाराच्या पुस्तकांवर ना क्रमांक, ना पट्ट्या. त्यांच्यासाठी बाईंनी नोंदवहीतील दाखल क्रमांकच घेतले आणि चौकोनी ठिपक्यांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. हाच क्यूआर कोड. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला, मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन दिसतात ना? त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेषा काढा, काळे-पांढरे-काळे-पांढरे-काळे हे भाग १:१:३:१:१ या प्रमाणातच पडतात. त्यामुळे मोबाइल तिरका धरला तरी बिघडत नाही.

पण बाईंना अचंबा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका चिठ्ठीवर चहाचा डाग पडला होता, तरी ती बिनचूक वाचली गेली. येथे पहारेकरी चूक नुसती पकडत नाही, दुरुस्तही करतो. हे कसे घडते, ते आलेखाच्या कागदावर करून पाहा. समजा, तुम्हाला ५ आणि ७ हे दोनच आकडे कळवायचे आहेत. ते पहिल्या आणि दुसऱ्या उभ्या रेषेवर बिंदूंनी दाखवा, दोन बिंदूंतून सरळ रेषा काढा आणि तीच रेषा पुढे नेऊन मिळणारे ९ आणि ११ हेही सोबत पाठवा. वाटेत ९ चा ४ झाला. घेणाऱ्याला ५, ७, ४, ११ मिळाले. तो बिंदू मांडतो. तीन बिंदू एका रेषेत आहेत, चौथा खाली घसरला आहे. घसरलेला कोणता आणि तो मुळात कोठे होता, दोन्ही दिसते! रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत याच विचाराची, फक्त सरळ रेषेऐवजी अधिक गुंतागुंतीची समीकरणे घेणारी. क्यूआर कोडमध्ये ती सर्वांत कडक प्रकारात वापरली, तर सुमारे ३० टक्के मजकूर बिघडला तरी परत मिळवता येतो. चहाच्या डागाची काय कथा.

वाचनालयांनी नवी साधने हाताळून पाहणे ही काही आजची गोष्ट नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले. त्या संस्थानातील ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना पडद्यावर दीपचित्रे दाखवली. अलीकडचे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथील एका लहान ग्रंथालयसंस्थेचा जुना संगणक कार्यक्रम २००० साल उजाडताच बंद पडणार होता. त्यांनी १९९९ मध्ये 'कोहा' नावाचा नवा कार्यक्रम बनवून घेतला आणि तो सर्वांना मोफत खुला केला. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज भारतातील अनेक ग्रंथालये तो वापरतात.

यादी तयार झाल्यावर बाईंनी वाचकांचा व्हॉट्सअॅप गट काढला आणि वाचनालयाचे नाव फेसबुकवर घातले. थोड्याच दिवसांत अनोळखी लोक सेवागिरी महाराजांच्या यात्रेची चौकशी करू लागले! ते पुसेगाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले. नाव एक, गावे दोन. शोधयंत्र अक्षरे जुळवते, गाव ओळखत नाही. अशा घोळावर टपाल खात्याने फार पूर्वी तोड काढली आहे. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी ६ आकडी पिनकोड सुरू झाला. साताऱ्याच्या पुसेगावचा पिन ४१५ ने सुरू होतो, हिंगोली जिल्ह्यातील गावांचा ४३१ ने. बाईंनी नावाखाली जिल्हा, तालुका आणि पिन लिहिला. त्या दिवसापासून यात्रेकरू थांबले. येथे एक लक्षात घ्या, पिनकोडला तपासणी अंक नाही. एक आकडा चुकला तर पत्र मुकाट्याने दुसरीकडे निघते, फार तर पत्त्यावरील गावाचे नाव वाचून कोणी पोस्टमन ते सुधारतो.

आता गटाबद्दल. एका संध्याकाळी तेथे एक संदेश येऊन पडला. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून दूर ठेवा, नाहीतर शरीराला अपाय होईल, अशा आशयाचा. तो तुमच्याही घरी कधीतरी आला असेल, कारण गेली अनेक वर्षे तो फिरतोच आहे. गटातील चार घरांनी मोबाइल खरोखर बंद केले. त्यांतील एका घरी म्हातारे आजोबा आजारी होते आणि मुलगा परगावी होता. रात्रभर त्याचा फोन लागेना, आणि तो घाबराघुबरा होऊन पहाटेच्या गाडीने गावी आला. आजोबा सुखरूप होते, एवढे बरे.

या संदेशातील पदार्थविज्ञान पाहू. विश्वकिरण पृथ्वीजवळून एखाद्या रात्री जात नाहीत, ते अहोरात्र येतच असतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंच जाऊन त्यांचा माग काढला. त्यांच्यापासून वातावरणात तयार होणारे म्यूऑन नावाचे कण जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक या हिशेबाने पडतात. तुम्ही हे वाक्य वाचत असताना तुमच्या तळहातातून कित्येक पार निघून गेले. मोबाइल चालू आहे की बंद, याच्याशी त्यांचे काही देणेघेणे नाही.

विश्वकिरणांचा संगणकाशी मात्र खरोखरीचा संबंध आहे. असा एखादा कण, किंवा त्याच्यामुळे उत्पन्न झालेला दुसरा कण, स्मृतिघटकावर आदळला तर तेथील ० चा १ किंवा १ चा ० होऊ शकतो. २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्तीची पडलेली आढळली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणजे नेमका एकच बिट उलटलेला! यंत्रात दुसरा दोष सापडला नाही, तेव्हा हे विश्वकिरणाचे काम असावे असा तर्क करण्यात आला. अशा चुका पकडण्यासाठीच संगणकात आणि दूरसंचारात तपासणीचे अंक जागोजागी पेरलेले असतात. तुमचा संदेश लहान लहान तुकड्यांत निघतो. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची तपासबेरीज असते, आणि ती जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागवला जातो.

म्हणजे विश्वकिरणांविषयीची ती खोटी बातमी पुसेगावात आली ती एका काना-मात्रेचाही फरक न होता आली. वाटेतल्या सगळ्या पहारेकऱ्यांनी तिला चोख सलाम ठोकला! कारण ते पाहतात ते एवढेच की, जे निघाले तेच पोहोचले का. निघाले ते खरे होते का, हे पाहणारा अंक कोणत्याही बेरजेत बसत नाही. आणि प्रत्येक वेळी एका रात्रीच्या घाबरगुंडीवर भागतेच असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. मोबाइलवरून अशा अफवा त्या दिवसांत गावोगाव पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. वेग कमी झाला, पण खरे-खोटे पाहण्याचे काम राहिलेच.

बाईंनी दुसऱ्या दिवशी काय केले ते सांगतो. त्यांनी कोणाला रागावले नाही. कपाटातून मराठी विश्वकोशाचा खंड काढला, विश्वकिरणांवरील पानाचा फोटो गटावर टाकला आणि खाली खंड व पृष्ठांक लिहिला. आणखी एक ओळ लिहिली, ती मला फार आवडली. त्यांनी विचारले होते, 'यातील आज म्हणजे कोणती तारीख?' छापील पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचे नाव आणि प्रकाशनाचे वर्ष असते. त्या संदेशात तारीखच नव्हती, म्हणून तो कोणत्याही रात्री 'आज' होता. आता गटावर कोणी काही पुढे पाठवले की बाई तीन गोष्टी विचारतात: कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि कोठे छापले आहे. दोघेतिघे कंटाळून गट सोडून गेले. बाकीचे टिकून आहेत, आणि दोन मुले तर विश्वकोश चाळायला म्हणून येऊ लागली आहेत. विश्वकोश संकेतस्थळावरही वाचता येतो हे बाईंनी त्यांना दाखवले आहे, पण त्यांना खंड हातात घेऊन बसायलाच आवडते.

मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. यादी कपाटांशी ताडून पाहताना त्यांना हाताने टाइप केलेला एक क्रमांक सापडला. मोबाइलने तो विनातक्रार घेतला होता, पण पुस्तकावरचा क्रमांक वेगळा होता. कोणते दोन आकडे उलटले होते ते त्यांनी मला सांगितले नाही, ओळखा म्हणाल्या. एवढेच कळले की त्यांत २ आणि ७ नव्हते. अशा एकूण किती जोड्या या पहारेकऱ्याला चकवू शकतात, ते तुम्हीही वहीत काढून पाहा.